काखेतल्या गाठी काढल्यानंतर हाताला येणारी सूज : मालिश कमी, दाब जास्त

सांधेसूत्र (धागाकर्ती)

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमो संपली, शेक (रेडिएशन) संपले, आणि वर्षभराने एक दिवस बांगडी चढेना. लिम्फेडिमा बहुतेकींना असा कळतो. सुरुवात मात्र त्याच्या बरीच आधी झालेली असते : हात जड वाटणे, ब्लाउजची बाही एकाच बाजूला रुतणे, संध्याकाळी अंगठी घट्ट होणे.

आधी आत काय होतं ते. रक्तातून ऊतींमध्ये पाणी आणि थोडी प्रथिनं सतत झिरपत असतात. लिम्फवाहिन्या तो द्रव (लिम्फ) गोळा करतात, काखेतल्या लिम्फगाठींमधून पुढे नेतात आणि गळ्याच्या हाडामागच्या मोठ्या शिरेत सोडतात. गाठी काढल्या की रस्ता अरुंद होतो. काखेला शेक दिला की भोवती वण धरतो आणि तो आणखी अरुंद होतो. प्रथिनं हातातच अडकतात आणि पाणी धरून ठेवतात. काही महिन्यांनी तिथे तंतू आणि चरबी जमू लागते. म्हणून पहिल्या टप्प्यात बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि रात्री हात उंच ठेवला की सकाळी सूज उतरते. दुसऱ्या टप्प्यात ती उतरत नाही, आणि पुढेपुढे खड्डाही पडेनासा होतो. 'आता खड्डा पडत नाही, म्हणजे सुधारणा आहे' असं पेशंट आनंदाने सांगतात. उलट आहे. सूज घट्ट झाली आहे.

काखेतल्या गाठी साफ केल्या असतील तर साधारण पाचांत एकीला हे होतं. फक्त सेंटिनल गाठ (लिम्फ सगळ्यात आधी जिथे पोचते ती) काढून तपासली असेल तर वीसांत एकीला. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत होतं, पण दहा-पंधरा वर्षांनीही होऊ शकतं.

उपचाराचे चार भाग : त्वचेची निगा, लिम्फसाठीची हलकी मालिश (एमएलडी), दाब आणि व्यायाम. आधी दोन ते चार आठवडे रोज बँडेज बांधून हात उतरवायचा आणि मग स्लीव्ह (दाब देणारी घट्ट बाही) घालून तो उतरलेला ठेवायचा. आपल्याकडे लोक मालिशला पैसे देतात, हवेने फुगून हात दाबणारा पंप विकत घेतात आणि स्लीव्ह कपाटात ठेवतात. माझं मत एका वाक्यात : दाब हे औषध आहे, बाकी सगळं अनुपान. धागा त्यासाठीच काढलाय. प्रश्न विचारा, चुकलं असेल तिथे खोडून काढा.

कोरांटी

सूज आहे की नाही हे घरी कसं ठरवायचं? आईच्या उजव्या काखेतल्या गाठी काढल्यात. ती म्हणते हात जड झालाय, फिजिओ म्हणतात काही नाही. ती उजव्या हाताची आहे, म्हणजे तो हात मुळातच थोडा जाड असणार ना?

मोजपट्टी

असणार. म्हणूनच दुसऱ्या हाताशी तुलना करून अर्धंच कळतं. खरी तुलना त्याच हाताच्या ऑपरेशनआधीच्या मापाशी करायची. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी दोन्ही हातांची मापं आधीच घेऊन वहीत लिहून ठेवावीत. पाच मिनिटांचं काम आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही.

साहित्य : शिंप्याची न ताणणारी टेप (जुनी, सैल झालेली नको), पट्टी आणि बॉलपेन. हात टेबलावर, तळवा खाली. मनगटाच्या करंगळीकडच्या टोकदार हाडापासून वर दर ४ सेंटीमीटरला बारीक खूण करायची, काखेच्या थोडं खालपर्यंत. प्रत्येक खुणेवर टेप आडवी, त्वचेला टेकलेली पण न रुतणारी. तळव्याचं माप वेगळं, अंगठा सोडून. दर वेळी माणूस तोच, वेळ तीच, शक्यतो सकाळी.

आता गंमत. ४ सेंटीमीटरचंच अंतर ठेवलं तर घनफळ काढणं फार सोपं होतं. प्रत्येक मापाचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, बेरजेला ३.१४ ने भागा. आला हाताचा आकार मिलिलिटरमध्ये. (प्रत्येक तुकडा ४ सेंटीमीटर उंचीची वृत्तचिती धरला की सूत्रातले ४ एकमेकांना खातात.) समजा कोपराखाली घेर २४ होता, आता २५.५ आहे. आधी १८३ मिलिलिटर, आता २०७. त्या एका तुकड्यात २४ मिलिलिटर वाढले. टेपवर दीड सेंटीमीटर किरकोळ दिसतं, पण असे सात-आठ तुकडे झाले की दीडशेच्या पुढे जातं.

एखाद्या ठिकाणी २ सेंटीमीटरहून जास्त फरक, किंवा एकूण २०० मिलिलिटर, किंवा १० टक्के वाढ, ही निदानासाठी सर्वसाधारण धरली जाणारी रेघ. पण ५ टक्क्यांनंतरच सावध व्हावं. त्या टप्प्यावर स्लीव्हनेच पुष्कळदा भागतं.

सांधेसूत्र

मोजपट्टी, वर्गांची युक्ती फार छान. त्यात एक भर : वजन वाढलं की दोन्ही हात वाढतात. म्हणून दोन्ही मापा आणि दुसरा हात जितके टक्के वाढला तितके वजा करा.

कोरांटी, जडपणाची तक्रार दुर्लक्षू नका. टेपवर काही दिसण्याआधी पेशंटला जाणवतं, आणि या टप्प्याला अधिकृत नाव 'शून्य' आहे. आणखी एक चाचणी : बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचला. दुसऱ्या हाताची सहज उचलली जाते, ह्या हाताची जाड लागते किंवा उचललीच जात नाही, तर लिम्फेडिमा आहे असं समजा. उचलली गेली म्हणजे नाहीच असं मात्र नव्हे.

शल्यकर्म

मोजण्याच्या आधी एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रत्येक सुजलेला हात लिम्फेडिमा नसतो. लिम्फेडिमा हळूहळू येतो, जड वाटतो, फारसा दुखत नाही. पुढचं काही दिसलं तर बँडेज बांधत बसू नका, आधी डॉक्टरकडे जा :

एक-दोन दिवसांत अख्खा हात सुजला, रंग निळसर, छातीवर-खांद्यावर शिरा फुगल्या : शिरेत गुठळी असू शकते, विशेषतः केमो पोर्ट (केमोसाठी शिरेत बसवलेली नळी) त्याच बाजूला असेल तर. डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या.

सूज वाढतेय आणि सोबत जोराच्या कळा, बोटांना मुंग्या, पकड ढिली, गळ्याच्या हाडावर कडक गाठ : आजार परतलाय का हे स्कॅन करून बघावं लागतं. नसांवर दाब आला की असं होतं.

डोसेटॅक्सेल (केमोचं एक औषध) चालू असताना दोन्ही हात-पाय सुजले : औषधाचा परिणाम, बहुतेकदा नंतर उतरतो.

आणि फार क्वचित, पण माहीत असावं असं : वर्षानुवर्षं सुजलेल्या हातावर जांभळे-निळे डाग किंवा गाठी आल्या तर त्याच आठवड्यात बायोप्सी. मुका मार समजून थांबू नये.

वर्धेकर

विदर्भातून एक भर. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीपायाचा पट्टा. त्यामुळे हात सुजलेला दिसला की गावात 'हत्तीरोग झाला' म्हणून डीईसीच्या गोळ्या सुरू होतात. त्या गोळ्या जंतांवर आहेत. गाठी काढल्यामुळे आलेल्या सुजेवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. हत्तीपायाच्या कार्यक्रमात शिकवलेली स्वच्छता मात्र तंतोतंत लागू पडते : रोज साबण-पाण्याने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, भेगा व बुरशी बघणे, मलम लावणे. आशाताईंना हे आधीच येतं, फक्त पायाऐवजी हात म्हणून सांगावं लागतं.

दुसरं, बाया शेतात जातात. निंदणी, कापूस वेचणी, विळ्याने कापणी. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटतात आणि जंतू तिथूनच शिरतात. 'कामाला जाऊ नका' हा सल्ला निरुपयोगी आहे. जाड सुती हातमोजा, काम झाल्यावर हात धुऊन ओरखडे बघणे, खिशात अँटिसेप्टिक मलम. एवढं पाळलं जातं.

शेवंता_७१

स्वयंपाकघरातलंही येऊ द्या. विळी, किसणी, कुकरची वाफ, फोडणीचं तेल, तव्याची कड. वॅक्सिंग करावं का?

सांधेसूत्र

वॅक्सिंग नको, त्या हाताला इलेक्ट्रिक ट्रिमर वापरा. कातडी सोलली गेली की जंतूंना दार उघडं. घासणीने भांडी घासताना रबरी हातमोजा, आत पातळ सुती मोजा, नाहीतर घामाने बुरशी येते. नखांभोवतीची कातडी ओढून काढायची नाही. बांगड्या रुतत नसतील तर चालतील, काचेच्या टाळा. मेंदी चालते, 'काळी मेंदी' नको, त्यातल्या रसायनाने फोड येतात. मॉइश्चरायझर रात्री लावा. सकाळी लावून लगेच स्लीव्ह चढवली तर ती घसरते आणि तिचं लवचिक सूतही लवकर मरतं.

पिंपळपान

बँडेज नक्की कसं बांधायचं? आम्हाला १० सेंटीमीटरचं क्रेप बँडेज दिलंय आणि 'घट्ट बांधा' एवढंच सांगितलंय.

सांधेसूत्र

या धाग्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. क्रेप बँडेज यासाठी नाही.

क्रेप खूप ताणलं जातं आणि रबरासारखं परत आवळतं. म्हणजे हात स्वस्थ असतानाही, झोपेतसुद्धा, ते पिळत राहतं. आणि हात हलवला की स्नायूंबरोबर तेही फुगतं, त्यामुळे आतून हवा तो दाबाचा ठोका मिळत नाही. आपल्याला हवं याच्या उलट : स्वस्थ असताना कमी दाब, हालचालीत जास्त. ते 'शॉर्ट-स्ट्रेच' बँडेजने मिळतं. ते जवळजवळ सगळं सुती असतं, फारसं ताणत नाही. मूठ वळली की स्नायू फुगतो, बँडेज हटत नाही, मधल्या द्रवाला पुढे सरकावंच लागतं. फुगा भिंतीला टेकवून दाबावा तसं. दुकानात मागताना 'शॉर्ट-स्ट्रेच' हाच शब्द वापरा. क्रेप हातात ठेवून 'तेच आहे' म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

एका हाताला साधारण लागतं : सुती जाळीदार नळी (स्टॉकिनेट) एक, बोटांसाठी ४ सेंटीमीटरचं गॉज बँडेज एक-दोन, प्लास्टरखाली वापरतात तो सिंथेटिक कापूस १० सेंटीमीटरचे दोन रोल, शॉर्ट-स्ट्रेच ६ सेंटीमीटरचं एक, ८ चं एक, १० ची एक किंवा दोन. प्रत्येकी ५ मीटर.

क्रम असा. हात धुऊन, कोरडा करून, मलम लावून नळी चढवा, अंगठ्यासाठी भोक पाडा. गॉजची सुरुवात मनगटाला एक वेढा देऊन, मग हाताच्या पाठीवरून एकेका बोटाकडे, नखाच्या मुळापासून बेचकीपर्यंत, आणि परत पाठीवरून पुढच्या बोटाकडे. बोटांची टोकं उघडी, रंग दिसला पाहिजे. मग कापूस : मनगटाला, कोपराच्या खळगीत आणि हाताच्या पाठीवर जास्त थर. हेतू मऊपणा एवढाच नाही. सारख्या ताणाने गुंडाळलं तर बारीक भागावर दाब जास्त पडतो आणि जाड भागावर कमी. हात वर जाड होत जातो म्हणून दाब आपोआप खालून वर उतरत जातो, आणि तेच हवंय. पण मनगट फारच बारीक आणि पुढचा हात एकदम जाड असेल तर मनगटाला करकोचा पडतो. तो कापसाने भरून काढायचा.

मग ६ चं तळव्याला, बोटं फाकवून, मनगटाच्या थोडं वरपर्यंत. ८ चं मनगटापासून कोपरापर्यंत. १० चं मनगटापासून काखेपर्यंत, दुसरं १० चं उलट दिशेने. प्रत्येक वेढा आधीच्याला निम्मा झाकेल असा. कोपर किंचित वाकवलेलं, नाहीतर नंतर वाकवताना खळगीत काचतं. दाब वाढवायचा तर थर वाढवा, ओढून बांधू नका. शेवटी चिकटपट्टी. सोबत येणाऱ्या धातूच्या क्लिपा फेकून द्या, त्या कातडीत घुसतात.

बांधल्यावर नख दाबून सोडा, दोन-तीन सेकंदांत लाली परत यायला हवी. मुंग्या, बधिरपणा, बोटं निळी-पांढरी, ठणका : लगेच सोडा. सगळं ठीक असेल तर बँडेज दिवस-रात्र ठेवायचं, अंघोळीपुरतं काढायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळीच ते सैल होतं, कारण हात उतरतो. म्हणजे काम चाललंय. परत बांधा. पहिले काही दिवस हे शिकलेल्या फिजिओकडूनच बांधून घ्या आणि बघून शिका.

टेम्सपार

बँडेजबद्दल शंभर टक्के सहमत. एमएलडीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथे इंग्लंडमध्येही पेशंट तेच मागतात.

पद्धत डॅनिश. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या जोडप्याने १९३६ मध्ये पॅरिसमध्ये मांडली. हात फक्त कातडी सरकवेल इतकाच हलका, तेल न लावता. शिकवण्याचा पारंपरिक क्रम : आधी मान आणि गळ्याच्या हाडावरचे खळगे, खोल श्वास, मग दुसऱ्या बाजूची काख, त्याच बाजूची जांघ, मग छाती-पाठीवरून त्या दिशांना, आणि शेवटी हात, तोही आधी दंड, मग पुढचा हात, मग तळवा. म्हणजे पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागची गाडी ढकलायची नाही.

पण सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात हिरू सुआमी यांच्या गटाने हातात हिरवा रंग (आयसीजी) टोचून कॅमेऱ्याने लिम्फ जाताना प्रत्यक्ष पाहिलं. गाठी काढलेल्या बहुसंख्य बायकांत लिम्फ अजूनही त्याच बाजूच्या काखेकडे जातं, त्याखालोखाल गळ्याच्या हाडाकडे. दुसऱ्या बाजूच्या काखेकडे फार थोड्यांत, जांघेकडे त्याहून कमी. म्हणजे 'ही काख आता बंद, इकडून वळवा' हा शिरस्ता सरसकट खरा नाही. पुढे बेल्जियममध्ये लुव्हेनच्या गटाने कॅमेऱ्याच्या मदतीने केलेली मालिश, पारंपरिक मालिश आणि दिखाऊ मालिश यांची तुलना केली, प्रत्येकीला बँडेज वगैरे बाकी उपचार होताच. मालिशीच्या प्रकाराने म्हणण्याजोगा फरक पडला नाही. तेव्हा धागाकर्तीच्या 'अनुपान' शब्दाला अनुमोदन.

सांधेसूत्र

मान्य. तरी मी एमएलडी टाकून देणार नाही. छातीच्या भिंतीवर किंवा उरलेल्या स्तनात सूज असेल तर तिथे बँडेज बसत नाही, आणि हलक्या हाताने पेशंटला बरं वाटतं. पण रोज एक तास मालिश आणि स्लीव्ह नाही, हा सौदा तोट्याचा.

आणि मालिशवाल्या बाईकडून तेल लावून रगडून घेणं पूर्ण बंद. रगडल्याने कातडी लाल होते, म्हणजे रक्त वाढतं, म्हणजे झिरपणं वाढतं. आधीच तुंबलेल्या गटारात आणखी बादली.

टाकेबखिया

स्लीव्ह मोजून देण्याचं काम करतो, म्हणून त्याबद्दल लिहितो.

माप कधी घ्यायचं : बँडेजने हात उतरून सलग काही दिवस माप स्थिर राहिलं की, सकाळी, बँडेज सोडल्यावर लगेच. सुजलेल्या हाताचं माप दिलं तर सुजेलाच साचा मिळतो.

जर्मन मापाने वर्ग १ म्हणजे १८ ते २१ मिलिमीटर पाऱ्याचा दाब, वर्ग २ म्हणजे २३ ते ३२. हाताला बहुतेक वेळा यांपैकी एक. काही कंपन्यांचे वर्ग वेगळे असतात, म्हणून वर्ग न विचारता डब्यावरचा दाबाचा आकडा वाचा. पायाच्या फुगलेल्या शिरांसाठीचा 'व्हेरिकोजचा वर्ग २' पायमोजा आणि हाताचा वर्ग २ एक नव्हे.

विणकामाचे दोन प्रकार. गोल विणीची शिवणीशिवायची स्लीव्ह पातळ असते, दिसायला चांगली, तयार मापात मिळते. नुकत्याच सुरू झालेल्या, सरळ आकाराच्या हाताला पुरते. सपाट विणीची शिवण असलेली, जाड, मापाने करून घ्यावी लागते आणि महाग पडते. हाताला वळ्या पडत असतील, सूज घट्ट असेल, तर हीच. गोल विणीची त्या वळीत दोरीसारखी रुतते.

तळवा सुजलेला असेल किंवा स्लीव्ह घातल्यावर सुजू लागला तर हातमोजा हवाच. फक्त मनगटापर्यंतची स्लीव्ह घालून तळवा फुगलेले हात दर आठवड्याला येतात. दोष स्लीव्हचा नसतो, अर्धवट प्रिस्क्रिप्शनचा असतो.

वरची कड दुमडायची नाही. दुमडली की तिथे दाब दुप्पट. लांब झाली तर बदलून घ्या. चढवताना रबरी हातमोजा घालून तळव्याने सरकवत न्या, नखांनी ओढू नका. सकाळी उठल्यावर लगेच घालायची, झोपताना काढायची. रात्रीसाठी फोमचे वेगळे कवच मिळते, सगळ्यांना लागत नाही.

दोन नग घ्या, एक अंगावर, एक दोरीवर. रोज धुवायची, म्हणजे सूत परत आकसतं. सहा महिन्यांनी दाब उतरलेला असतो, दिसायला नवी असली तरी. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्य विमा योजना) दर सहा महिन्यांना दिवसा घालायच्या तीन स्लीव्हचा खर्च देतं. नातेवाईक तिकडे असतील तर माहीत असू द्या.

वर्धेकर

मे महिन्यात ४५ अंशांत हे कसं घालायचं तेही सांगा.

टाकेबखिया

घातलेल्या स्लीव्हवरच पाण्याचा फवारा मारायचा आणि पंख्यासमोर बसायचं. कूलरसारखं काम होतं. दुपारी घामोळं उठलं तर अर्ध्या तासासाठी काढा, हात धुऊन कोरडा करा, दुसरी चढवा. टाल्कम थापू नका, विणीत अडकतं. आणि उन्हाळ्यात सूज वाढते म्हणून स्लीव्ह काढून ठेवणं म्हणजे पावसात छत्री मिटणं.

कोरांटी

त्या हाताला रक्तदाब मोजायचा नाही, सुई टोचायची नाही, विमानात बसायचं नाही. हे सगळं खरं का?

शल्यकर्म

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने ६३२ पेशंटचे हात वारंवार मोजून २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. सुई, रक्तदाब, विमानप्रवास यांचा सूज वाढण्याशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो काखेतल्या गाठी साफ करण्याशी, गाठींना दिलेल्या शेकाशी, जास्त वजनाशी आणि हातातल्या जंतुसंसर्गाशी.

तेव्हा दुसरा हात मोकळा असेल तर तोच वापरा, पण दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालेल्या बाईने भीतीपोटी रक्ततपासणी टाळू नये. आणीबाणीत ज्या हातात शीर सापडेल त्यात सलाइन लावू द्या. विमानात : आधीपासून स्लीव्ह वापरत असाल तर घाला. सूज नसेल तर केवळ प्रवासापुरती नवीन, न बसणारी घालू नका. त्याने उलट हात फुगू शकतो.

आता जंतुसंसर्ग. हात काही तासांत लाल, गरम, दुखरा होतो, हुडहुडी भरून ताप येतो. कित्येकदा ताप आधी आणि लाली नंतर दिसते. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहा. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. 'उद्या बघू' म्हटलं तर भरती व्हावं लागतं. प्रत्येक झटका काही लिम्फवाहिन्या कायमच्या मारतो. ताप व दुखणं असेपर्यंत मालिश, बँडेज, पंप बंद. सहन व्हायला लागलं की दाब लगेच परत. वर्षातून दोनदा असं झालं तर दीर्घकाळ पेनिसिलिन द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

पिंपळपान

आणि वजन उचलणं? घागर, गॅस सिलिंडर, नातवंडं?

टेम्सपार

अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी लिम्फेडिमा असलेल्या १४१ बायकांवर चाचणी केली, निष्कर्ष २००९ मध्ये आले. निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली, सुरुवात अगदी हलक्या वजनाने, स्लीव्ह घालून, वाढ थोडी थोडी. सूज वाढली नाही, आणि भडका उडण्याचं प्रमाण उचलणाऱ्यांत जवळजवळ निम्मं होतं. कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झींनी १९९६ मध्येच २४ जणींना लांब होडीत वल्ही मारायला बसवलं होतं. तेव्हाही हात सुजले नाहीत.

घरी अर्धा किलोने सुरुवात करा, अर्धा लिटर पाण्याची बाटली चालते. कोपर वाकवणे, हात बाजूला उचलणे, भिंतीला टेकून पुशअप, प्रत्येकी दहा वेळा. दोन खेपा त्रासाविना झाल्या की थोडं वाढवा. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला तर मागच्या वजनावर या, बंद करू नका. आठवडाभर सुट्टी झाली तर परत खालून. सवय नसताना एकदम भरलेला हंडा उचलणं वेगळं. तेच टाळायचं.

सांधेसूत्र

ओल्या चादरी पिळणे, अर्धा तास पुरण वाटणे हेही त्यातच. काम तुकड्यांत करा. आणि बँडेज किंवा स्लीव्ह अंगावर असतानाच काम-व्यायाम करा, कारण ठोका तेव्हाच मिळतो.

शेवंता_७१

पंप घ्यावा का? आणि 'लिम्फच्या गोळ्या' देतात त्या?

शल्यकर्म

गोळ्यांचं आधी. लघवीच्या गोळ्या पाणी काढतात, प्रथिनं तिथेच ठेवतात, मग पाणी परत येतं. हृदय-मूत्रपिंडाचा वेगळा आजार नसेल तर नकोत. दुसऱ्या म्हणजे कुमारिन. (रक्त पातळ करणारं वॉरफरिन नव्हे.) ऑस्ट्रेलियाने यकृताला होणाऱ्या इजेमुळे ते १९९६ मध्ये मागे घेतलं. १९९९ मध्ये अमेरिकेत १४० बायकांना दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. सूज उतरली नाही, ६ टक्के जणींचं यकृत बिघडलं. आपल्याकडे चिठ्ठीवर अजून दिसतं. दिसलं तर विचारा.

सांधेसूत्र

पंप : दाबाशिवाय एकटा पंप म्हणजे घागर भरून भोक उघडं ठेवणं. आधी थोडी मालिश, मग अर्धा-एक तास, दाब ३० ते ६० मिलिमीटरच्या आत, एकामागून एक फुगणाऱ्या कप्प्यांचा. काढल्यावर लगेच स्लीव्ह. मशीनवर आकडा जास्त लावला की लवकर उतरतं हा गैरसमज. पाणी खांद्यात-छातीत जाऊन बसतं. दर वेळी खांद्याच्या मागची आणि काखेखालची बाजू चाचपून बघा, तिथे कडक पट्टा वाटला तर पंप थांबवा. गुठळी, ताप, हृदय कमकुवत असेल तर लावायचाच नाही.

कोरांटी

आईच्या काखेतून कोपरापर्यंत आतून दोरीसारखं ताणलेलं लागतं, हात वर जात नाही. हीच सूज का?

सांधेसूत्र

नाही, ही वेगळी. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत लिम्फवाहिन्या कडक होऊन अशा दोऱ्या होतात. घाबरू नका, हात लपवून ठेवू नका. भिंतीवर बोटांनी चढत दुखेपर्यंत नाही, ताण जाणवेपर्यंत, पाच सेकंद थांबून, दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. काही आठवड्यांत जातं. दोरी 'तोडून' देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

मोजपट्टी

सूक्ष्म शस्त्रक्रियेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

शल्यकर्म

लिहितो थोडक्यात. लिम्फवाहिनी शेजारच्या बारीक शिरेला जोडणे (एलव्हीए). एक मिलिमीटरहून लहान नळ्या, भिंगाखाली टाके. वाहिन्या अजून जिवंत असताना, म्हणजे लवकर केली तर उपयोगाची. दुसरीकडची गाठ रक्तवाहिनीसकट काखेत आणून बसवणे, परिणाम दिसायला महिने लागतात. आणि सूज पाण्याची न राहता चरबीची झाली असेल तर स्वीडनच्या हॉकन ब्रोर्सन यांनी रुळवलेलं लायपोसक्शन. हात एकदम सारखा होतो, पण त्यानंतर स्लीव्ह जन्मभर, दिवस-रात्र. ती काढली की सूज परत. म्हणजे स्लीव्हचा कंटाळा आला म्हणून हे ऑपरेशन मागणाऱ्यांसाठी ते नाही.

पिंपळपान

शॉर्ट-स्ट्रेच मिळालं. धुवायचं कसं? दोनदा धुतलं तर लोंबायला लागलं.

टाकेबखिया

दोरीवर लांब सोडून वाळवलंत ना? ओल्या कापडाच्या वजनानेच ते ताणतं. कोमट पाणी, साधा साबण, कंडिशनर नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग सावलीत जाळीवर किंवा खाटेवर आडवं पसरा. वाळलं की घट्ट गुंडाळी करून ठेवा, नाहीतर बांधताना सारखा ताण राहत नाही. लोंबलेलं एकदा कोमट पाण्यात धुऊन असं आडवं वाळवून बघा, बरंचसं परत येईल. नाहीच आलं तर ते सगळ्यात वरच्या थराला वापरू नका, आतल्या थरात चालेल.

पिंपळपान

दोरीवरच घातलं होतं. उतरवते.